शिडी सोडली त्याची गोष्ट
(मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



इंग्लंडात मी खिडक्या पुसतो, हे गावी सांगायला पूर्वी लाज वाटायची. आता नाही वाटत. पानगळ सुरू झाली की गिऱ्हाइकं विचारतात, "गटरही साफ कराल का?" इथलं गटर म्हणजे छपराच्या कडेची पन्हळ बरं का! ती तुंबली की पाणी भिंतीत मुरतं.

एकदा शिडी घसरली. मनगटावर निभावलं, पण बायकोने बजावलं, "आता शिडी बंद!" मग जमिनीवरून चालणारा व्हॅक्यूम शोधू लागलो.

पहिल्या खेपेला मोटारी मोजण्याची चूक केली. तीन मोटारींचं, ३६०० वॉटचं मशीन घेतलं. इथला प्लग १३ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम ३००० वॉटचा. अर्ध्या तासात प्लग तापून जळका वास सुटला! ते मशीन तोट्यात विकलं.

दुसरं घेताना आधी वॉट पाहिले. मग नळ्यांचे सांधे तपासले, कारण तिथून हवा गळली की ओढ संपली. कार्बन फायबरची काठी हलकी, पण त्यातून वीज वाहते. तारांजवळ ती उभारायची नाही. टाकीला खाली तोटी हवीच, ओल्या शेवाळाने भरलेली टाकी उचलवत नाही. काठीच्या टोकाला कॅमेरा लावला, आता गिऱ्हाइकाला स्वच्छ पन्हळ दाखवूनच पैसे घेतो.

धंद्यात पडणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन, मशीन जाहिरातीवरून घेऊ नका, ओल्या शेवाळावर चालवून पाहा. बायको आता निर्धास्त असते. माझी कमाई तीच!