पिस्ता रंगाची छोटी खोली

दहा बाय दहाची झोपायची खोली. पलंग आणि कपाट मावलं की चालायला जेमतेम बोळ उरतो. इथे हिरवा द्यायचाच तर पिस्ता घ्या. पोपटी चारी भिंतींवर चढला की डोळ्यांवर येतो. शेडकार्डावरचा बोटभर तुकडा फसवा असतो, भिंतीवर तोच रंग भडक वाटतो. म्हणून आधी छोटा डबा आणून दोन फुटी चौकोन रंगवा. तो सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पिस्ता निळसर, मरगळलेला दिसतो; ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात त्याला ऊब येते. छत पांढरंच ठेवा. कपाटाला भिंतीचाच रंग दिलात, तर ते अंगावर येत नाही. पडदे, चादर, उशा सगळंच हिरवं नको, इस्पितळ वाटेल! मोतिया रंगाची खादीची चादर पुरे.

आणि हो, स्वीडनमधल्या शेले या रसायनतज्ज्ञाने १७७५ मध्ये बनवलेल्या हिरव्या रंगात चक्क आर्सेनिक होतं, आणि एकोणिसाव्या शतकात तो युरोपातल्या वॉलपेपरवर सर्रास असे. आजच्या इमल्शनमध्ये ती भानगड नाही. तरी रंगकाम झाल्यावर दोन-तीन दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवा, मगच तिथे अंथरूण घाला.