ढगाच्या वरचा तांबडा उजेड



वळवाचा पाऊस आला, की धावड्याच्या शिवारातला माणूस जीव मुठीत धरून घराकडे पळतो. वीज खाली पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ढगाच्या वरच्या अंगालाही विजेमुळे काही घडते. त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

विमान चालवणारे लोक फार वर्षे सांगत होते, की गडगडणाऱ्या ढगाच्या वर आम्ही उजेड पाहिला. शिकलेल्यांनी ते मनावर घेतले नाही. भास झाला असेल, म्हणाले! मग १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे लोक अंधारात चित्र घेणारा कॅमेरा तपासत होते. जुलैतल्या एका रात्री लांबच्या ढगावर उभा उजेड त्यात आपोआप उमटला. पाहणारे खोटे नव्हते. आपल्या देशातही २०१२ साली अलाहाबादेहून, म्हणजे आताच्या प्रयागराजहून, असे उजेड कॅमेऱ्यात टिपले गेले.

इंग्रजीत याला स्प्राइट म्हणतात. ते परी-भुतांच्या जातीचे नाव आहे. पण यात भूतबीत काही नाही.

मोठ्या ढगात वीज साठते. एखादे वेळी फार जोराची वीज कडाडते आणि ढगातला पुष्कळसा साठा एका दमात जमिनीत उतरतो. त्याचा ताण ढगाच्या वर, पार उंच जातो. किती उंच? धावड्याहून जालना जितके लांब, जवळजवळ तितके उंच. तिथे हवा अगदी विरळ असते. ट्यूबलाइटच्या नळीतही वायू असाच विरळ करून ठेवतात, म्हणून ती विजेने उजळते. वरची विरळ हवाही तशीच उजळते. तिचा रंग तांबडा. आकार कधी उपटलेल्या गाजरासारखा, खाली मुळ्या लोंबणारा. पापणी लवायच्या आत सारे विझून जाते.

आता कामाचे ऐका. असा उजेड पाडणारी वीज बहुधा नेहमीच्या विजेच्या उलट जातीची असते. ती पावसातच पडेल, असा भरवसा नाही. पाऊस लांब असताना कोरड्या रानातही पडते. तेव्हा "सर अजून आली कुठं?" म्हणून मक्यात खुरपत बसू नका, झाडाखालीही थांबू नका. गडगडाट कानी आला, की पक्के घर गाठा. बाया-पोरांनाही हाळी द्या.

आणि उजेड पाहायचा असेल तर? ढग डोक्यावर असताना तो दिसायचा नाही, ढगच आड येतो. आपल्याकडे आभाळ निरभ्र, रात्र काळोखी, आणि विजा पार नांदेडकडे लवताहेत, अशी वेळ हवी. गावातला दिवा पाठीशी ठेवा. लवणाऱ्या ढगाच्या बऱ्याच वर नजर लावा. आम्ही दोन रात्री ओसरीवर बसलो. अजून काही दिसले नाही. यंदा पुन्हा बसणार आहोत.