नोंद ठेवणारा डॉक्टर
(पहूर येथे संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानावर दोन शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. मी आज विंचवावर बोलणार आहे. आपल्या भागात पऱ्हाट्यांचा ढीग उचलताना, दगडी भिंतीच्या कपारीत हात घालताना किंवा अंधारात चप्पल शोधताना विंचू चावतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतील एका मुलाला असाच विंचू चावला. विंचू उतरवणाऱ्याला बोलावले, मंत्र झाला, पाला चोळला. मुलगा रडायचा थांबला, तेव्हा विंचू उतरला असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात त्याला दरदरून घाम फुटला होता, हातपाय गार पडले होते. पहाटे तो गेला. तो का गेला, हे आमच्यापैकी कोणालाच कळले नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या देहेड गावचे. गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा कष्ट करीत शिकला आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. महाड आपल्याला चवदार तळ्यामुळे ठाऊक आहे. त्याच परिसरात लाल विंचवाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती.

डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, उलट्या यांची नोंद ठेवली. त्यातून एक गोष्ट पुढे आली. ज्याला नुसती असह्य वेदना होते, तो बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, भरपूर घाम येतो, हातपाय थंड पडतात, त्याच्या हृदयावर विषाचा परिणाम झालेला असतो. पुढे फुप्फुसात पाणी भरते आणि श्वास कोंडून रुग्ण दगावतो. ही धोक्याची लक्षणे सांगणारे त्यांचे लेखन १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. गल्लीतला तो मुलगा रडायचा का थांबला होता, हे मला ही माहिती वाचल्यावर समजले.

आता औषधाचा प्रश्न होता. विंचवाच्या विषाने शरीरातील मज्जातंतू खवळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर प्रचंड भार पडतो. मग रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? 'प्रॅझोसिन' ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. ती देऊन पाहिली आणि रुग्ण वाचू लागले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला हा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. पूर्वी पश्चिम भारतात अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले.

येथे ते थांबले नाहीत. विंचवाचे प्रतिविष मिळू लागल्यावर, आपल्या गोळीपेक्षा ते सरस आहे का, याची त्यांनी स्वतःच परीक्षा घेतली. ७० रुग्णांचे दोन समान गट केले. एका गटाला फक्त प्रॅझोसिन, दुसऱ्याला प्रॅझोसिन आणि प्रतिविष दोन्ही दिले. दहा तासांत पहिल्या गटातील ३५ पैकी ८, तर दुसऱ्यातील ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले. हा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. ज्या गोळीने नाव मिळवून दिले, ती एकटी पुरेशी नाही असे आकड्यांनी सांगितले, तर तेही छापायचे. याला म्हणतात वैज्ञानिक वृत्ती. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

विद्यार्थी मित्रहो, शोधनिबंधांची यादी पाहून आपल्याला वाटते, हे मोठ्या शहरातल्या लोकांचे काम. पण या यादीचा पाया खेड्यातल्या आरोग्य केंद्रात, रुग्णाच्या खाटेजवळ घातला गेला. पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवायचे आणि दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने जगापुढे मांडायचे, एवढीच ती पद्धत. लिहिले नसते, तर ते ज्ञान बिरवाडीतच राहिले असते.

माता-भगिनींना एक विनंती. विषारी बाणाचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. बाण लागलेल्याने तो कोणी मारला याची चौकशी करीत बसू नये, आधी वैद्य गाठावा. विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. मूल रडायचे थांबले म्हणून निश्चिंत होऊ नका. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की १०८ क्रमांकावर फोन करा, मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. प्रॅझोसिनची गोळी घरी आपल्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

आमच्या गल्लीतल्या मुलाच्या वेळी हे ज्ञान आमच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. आज ते आहे. ते घराघरात पोहोचवणे एवढे काम आपण सर्वांनी मिळून करू या.