गव्हाचे पाणी आणि डोक्यावरचा प्रवाह

रात्रभर प्रवास करून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ, जळगाव-धुळ्याचे डॉक्टर, परिचारिका, आशाताई, आणि पहिल्या दोन रांगांत बसलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक,

1906 साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्या दोन्हींकडची माणसे आज एका मांडवाखाली आहेत. तापी-गिरणेच्या मुलखात, अपस्मारावरच्या विद्युतप्रवाहाच्या उपचाराच्या या परिषदेत, आपले मनापासून स्वागत.

अपस्माराला आमच्याकडे कुणी मिरगी म्हणते, कुणी आकडी, कुणी नुसतेच ‘फिट’. या आजाराचे इथल्या शेतीशीही नाते आहे. थंडीत गव्हाला पाणी द्यायचे असते आणि शेतपंपाच्या विजेची पाळी अनेकदा रात्रीची येते. शेतकरी जागतो. जागरणाने झटक्याचा धोका वाढतो, आणि नेमका तेव्हाच तो अंधारात विहिरीच्या काठाशी एकटा असतो. माझा एक रुग्ण असाच पाटात पालथा पडला होता. बायको कंदील घेऊन मागोमाग आली होती, म्हणून वाचला. तिने त्याला कुशीवर वळवले. कांदा हुंगवला नाही, तोंडात चमचाही घातला नाही. हे तिला गावच्या आशाताईने शिकवले होते.

त्याच माऊलीने परवा मला विचारले, “डॉक्टर, त्या परिषदेत शॉक देणार का?” सर्वांसमोर सांगतो, या परिषदेतला उपचार म्हणजे तो शॉक नव्हे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह वीसेक मिनिटे सोडतात. मानसोपचारातल्या शॉकपेक्षा तो शेकडो पटींनी कमी असतो. कवटीला छेद नाही, भूल नाही. झटका जिथून उठतो तिथे ऋण टोक ठेवून तिथल्या चेतापेशींचा उतावीळपणा कमी करायचा, ही त्यामागची कल्पना. अशा प्रवाहाने मेंदूची उत्तेजकता बदलते, हे जर्मनीतल्या निट्शे आणि पाउलुस यांनी 2000 साली दाखवले. अपस्मारावरच्या काही चाचण्यांत झटके कमी झाले. पण त्यांत रुग्ण थोडे होते आणि पाहणीचा काळही लहान. मला या उपचाराची आशा वाटते. गोळ्या बंद करून मात्र तो कुणी घेऊ नये.

या उपचारासाठी रुग्ण निवडण्याबाबत पाहुण्यांना यजमानाची एक विनंती आहे. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत, नीट घेऊनही झटके थांबले नाहीत, तरच आजार औषधांना दाद देत नाही असे आपण म्हणतो. अपस्माराच्या रुग्णांपैकी असे साधारण एक तृतीयांश. पण सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या मुलाच्या कागदावर हा शिक्का मारण्याआधी, त्याला गोळी रोज मिळाली का, हे विचारा. पावसाळ्यात पाड्याची वाट तुटली की गोळीही तुटते. सासरी गेलेली मुलगी डबी लपवते, मग गोळ्याच सोडते. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख 1999 सालीच वगळला, तरी लग्न जुळवताना आजही तो दडवला जातो. नव्या उपचारासाठी माणसे निवडायची, तर आधी या मुलीला सासूसमोर गोळी घेता आली पाहिजे.

दुपारी यंत्राचे प्रात्यक्षिक आहे. पहिल्या दोन रांगांतल्या मंडळींना ते जवळून पाहू द्या, स्पंज हातात घेऊ द्या. शॉकबद्दल विचारणारी ती माऊली तिसऱ्या खुर्चीवर बसली आहे. तिचे प्रश्न आधी घ्यावेत.