डायलिसिस : दोन वाटा आणि एक घर

(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत सांवेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या आनंदात आजाराचा विषय काढणे काहींस खटकेल. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर आहोत. परंतु आज जे सांगणार ते आमच्याच घरात आम्ही शिकलो, आणि फार उशिरा शिकलो. म्हणून सांगण्याचे धाडस करतो.

आमच्या थोरल्या बंधूंना, भाईजानना, मधुमेह जुना. मूत्रपिंडे हळूहळू थकत गेली. एके दिवशी इस्पितळात सांगण्यात आले, ‘सोमवारपासून डायलिसिस.’ मानेत तात्पुरती नळी बसली. दुसरी काही वाट असते, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

‘डायलिसिस’ म्हणताच घरात रडारड झाली. वास्तविक तो शेवट नव्हे. १९७५ साली स्थानबद्धतेत असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ ची निवडणूक गाजविली, आणि ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते हयात होते. तेव्हापासून तर शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे.

आता त्या दोन वाटा पाहू. पहिली यंत्राची. रक्त बाहेर काढून गाळणीतून शुद्ध करून परत शरीरात सोडतात. हॉलंडात विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ साली सेलोफेनच्या नळ्या लाकडी ढोलावर गुंडाळून असे यंत्र उभारले, त्याचीच ही सुधारलेली पिढी. साधारणतः आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास. त्यासाठी हातातील रोहिणी व नीला जोडून ‘फिस्टुला’ करतात. तो तयार होण्यास काही आठवडे लागतात. पाणी, मीठ आणि फळे यांवर कडक बंधन असते.

दुसरी वाट पोटाची. पोटातील पातळ पडदाच गाळणीचे काम करतो. कायमच्या नळीतून सुमारे २ लिटर द्राव आत सोडावयाचा, काही तासांनी काढून टाकून नवा भरावयाचा. हाताने करावयाचे तर बहुधा दिवसातून ४ वेळा, दर खेपेस अर्धा-पाऊण तास. रात्री झोपेत हे काम करणारे यंत्रही मिळते. प्रवास वाचतो, खाण्यापिण्यास थोडी मोकळीक मिळते. परंतु हात स्वच्छ नसला तर पोटात जंतू शिरतात, आणि ते दुखणे गंभीर असते. द्रावात साखर असते, हे मधुमेह्यांनी ध्यानी ठेवावे. शिवाय ४ पिशव्यांच्या हिशेबाने महिन्याला २४० लिटर द्राव घरात साठवावा लागतो!

आमचा हिशेब सोपा होता. सांवेरहून इंदूर सुमारे ३० किलोमीटर. आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन वर्षाला ९,००० किलोमीटरांहून अधिक! आम्ही भावांनी बैठक घेतली आणि पोटाची वाट ठरवून टाकली. पिशव्या भाभी बदलतील, हेही आम्हीच ठरविले.

भाभी दारापाशी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “माझे हात कापतात. माझ्या हातून जंतू गेले तर मी कुणाला तोंड दाखवू?” मग भाईजान बोलले, “मला कोणी विचारले का? इंदूरला माझ्यासारखे चारजण भेटतात, बरे वाटते. घराचा दवाखाना करू नका.”

आम्ही मान खाली घातली. वर्गात मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून बजावणारे आम्ही. आमचाच प्रश्न न वाचता उत्तर लिहून बसलो होतो! पुढे भाईजानच्या हातात फिस्टुला झाला. आज ते यंत्रावर आहेत आणि समाधानी आहेत.

उलट, आमच्या ओळखीच्या एका तरुण शिक्षकाने पोटाची वाट धरली. मधल्या सुटीत एका स्वच्छ खोलीत दार लावून तो स्वतः पिशवी बदलतो आणि घंटा होताच वर्गावर जातो. त्याला यंत्राची वाट धरावयास लावली असती, तर नोकरी राहणे कठीण होते. कोण बरोबर? दोघेही. डॉक्टरांनी दोन्ही वाटा मोकळ्या आहेत असे सांगितल्यावर उरलेला निर्णय घराचा. आणि घरात पहिला शब्द रोग्याचा, दुसरा ज्याच्या हातांवर भार पडणार त्याचा. मागाहून वाट बदलताही येते. प्रत्यारोपणाचीही चौकशी करावी. मात्र हे सारे मूत्रपिंडे पुरती थकण्याआधी विचारावे; घाईत निवड उरत नाही.

शेवटी विश्वस्तांस एक विनंती. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय योजनेतून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिसची सोय करण्यात आली. पण तेथवर पोहोचण्याचे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी, पिशव्या ठेवण्यास कोरडी जागा, यांचा विचार कोण करणार? महोत्सवी निधीतील थोडा भाग यासाठी राखावा. यंत्र देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. भाडे देणाऱ्याचे लागत नाही. पण रोगी सोमवारी तेथे पोहोचतो, तो त्या भाड्यामुळेच.