ज्योतीतील वीज

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



कार्यक्रमाच्या आरंभी प्रज्वलित केलेली समई अजून तेवते आहे. आजचे माझे सारे बोलणे तिच्या ज्योतीविषयीच आहे. ज्योत उष्णता देते, प्रकाश देते, हे आपण जाणतो. ती वीजही वाहून नेते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये मेणबत्ती ठेवून त्या पट्ट्यांना उच्च दाबाची वीज जोडली, तर ज्योत ऋण पट्टीकडे झुकते. प्रयोगशाळेतच करावा असा हा प्रयोग आहे. ज्योतीत मुक्त इलेक्ट्रॉन आणि धनभारित कण, म्हणजे धन आयन, असतात. हलके इलेक्ट्रॉन धन पट्टीकडे चटकन निघून जातात. आयन त्यांच्याहून सुमारे 35,000 पटींनी जड असतात. ते ऋण पट्टीकडे जाताना तापलेल्या वायूलाही ढकलत नेतात.

हे आयन येतात कोठून? उष्णतेमुळे, असे उत्तर चटकन सुचते. उष्णतेने अणूतून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात, याचे सूत्र मेघनाद साहा यांनी 1920 साली मांडले. त्या सूत्रामुळे ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान वाचता येऊ लागले. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले, तर हे सूत्र तेथेही उपयोगी पडते. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवण्यास अवघी 5.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते.

पण स्वयंपाकाच्या गॅसची स्वच्छ निळी ज्योत घ्या. तिच्यातील पाण्याच्या वाफेला 12.6, तर नायट्रोजनला 15.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सुमारे 2,000 अंश सेल्सियसला अशा वायूंत आयन जवळजवळ नसावेत, असे सूत्र सांगते. प्रत्यक्ष मोजमापात मात्र ज्वलनाच्या थरात दर घनसेंटिमीटरला अब्जावधी आयन आढळतात!

मग साहांचे सूत्र चुकले काय? मुळीच नाही. ते समतोल साधलेल्या वायूसाठी आहे, आणि ज्योतीच्या त्या पातळ थरात समतोल नसतोच. इंधन मोडताना कार्बन व हायड्रोजन यांचा एकेक अणू असलेले अल्पजीवी तुकडे तयार होतात. असा तुकडा ऑक्सिजनच्या अणूला भेटला की नवा बंध जुळतो, आणि बंध जुळताना मोकळ्या झालेल्या ऊर्जेने क्वचित एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. मागे राहिलेला आयन आपला प्रोटॉन पाण्याच्या रेणूला देतो आणि हायड्रोनियम आयन जन्मतो. पुढे इलेक्ट्रॉन भेटताच तोही विरून जातो. या उलगड्याचे बरेच श्रेय 1950 च्या दशकात अमेरिकेतील कॅलकोट आदी संशोधकांनी केलेल्या कामाला जाते.

म्हणूनच कार्बनविरहित शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत आयन नाममात्रच असतात. तिच्यात सेंद्रिय वायूचा अंश मिसळताच विद्युतप्रवाह वाढतो. या तत्त्वावरील शोधक उपकरण 1957-58 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत स्वतंत्रपणे सिद्ध झाले. वाहनांच्या धुरातील न जळलेले इंधन किंवा रक्तातील मद्यार्क मोजण्यास ते आजही वापरतात.

गॅसवर चालणाऱ्या अनेक बॉयलरांत तर हेच आयन माणसांचे प्राण राखतात. ज्योतीत एक धातूची कांडी असते. कांडी लहान आणि बर्नर मोठा, म्हणून ज्योतीतून वीज मुख्यतः एकाच दिशेने वाहते. हा प्रवाह असतो काही मायक्रोअँपिअरचा. ज्योत विझली की तो थांबतो आणि गॅसची झडप आपोआप मिटते. ओल किंवा काजळीमुळे वीज झिरपली, तर ती दोन्ही दिशांनी वाहते. त्यामुळे यंत्र तिला ज्योत समजून फसत नाही.

श्रोतेहो, ताऱ्यांना लागू पडलेले सूत्र घरातल्या शेगडीशी जुळेना, तेव्हा कोणी मोजमाप दडवले नाही आणि कोणी सूत्रही फेकून दिले नाही. दोहोंतील तफावतीचे कारण शोधले गेले, आणि त्यातूनच ही विद्या लाभली. या वाचनालयाच्या कपाटांत जुनी आणि नवी पुस्तके शेजारी नांदतात, ती अशाच शोधासाठी. येथील तरुण वाचकांनी ती दोन्ही उघडावीत, एवढीच विनंती.