पट्टा ओरडत होता, आम्ही ऐकलं नाही

आम्ही सिंदी रेल्वेच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज कर्जाचा हप्ता नाही की पापडाचा भाव नाही, आज गाडीच्या इंजिनाच्या पट्ट्याबद्दल बोलायचं आहे. गॅरेजमध्ये त्याला फॅन बेल्ट म्हणतात. "हे तर पुरुषांचं काम" म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही तसंच म्हणत होतो आणि तेच आम्हाला महागात पडलं.

आमच्या ग्रामसंघानं एक जुनी डिझेल गाडी घेतली. माल बाजारात न्यायला, बँकेत जायला, रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात पोहोचवायला. एप्रिलमध्ये सकाळी गाडी सुरू केली की चीं-चीं आवाज यायचा आणि दोन मिनिटांनी बंद व्हायचा. आमच्यातल्या एक काकू वीस वर्षांपासून पिठाची गिरणी चालवतात. त्या म्हणाल्या, "अवं, पट्टा घसरून राह्यला. हा आवाज वळखते मी." ड्रायव्हर दादा म्हणाला, "काही नाही होत ताई, साबण लावून देतो." साबण लावला, आवाज थांबला. आम्ही दादाचं ऐकलं. का? तर गाडी त्याला चालवता येते, काकूंना नाही.

मे महिना उजाडला. गटातल्या एका बहिणीच्या सुनेला नववा महिना होता. तिला घेऊन आम्ही भर दुपारी सेवाग्रामला निघालो. ऊन 45 अंशांचं. वाटेत फट् असा आवाज झाला आणि समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. दादा थांबायला तयार होता, पण आम्हीच म्हटलं, "चल बापा, दवाखाना जवळच आहे." थोडं पुढे गेलो तर तापमानाचा काटा वर टेकला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत पोरगी तासभर निंबाखाली बसून होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण तो तास आम्ही विसरलो नाही. पट्टा काही शेकड्यांचा. इंजिनाचं हेड उघडावं लागलं, त्यात गटाची दोन महिन्यांची बचत गेली.

असं का झालं? सेवाग्राम आपल्या जवळ, म्हणून चरखा बहुतेकींनी पाहिलेला असेल. माळ सैल झाली की चाक फिरतं, पण चाती फिरत नाही. गाडीचंही तसंच. इंजिन फिरतं आणि त्याच्यावरचा पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो. पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही तोच फिरवतो. एसी असेल तर त्याचं ओझंही पट्ट्यावरच. काही डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. तिथे पट्टा तुटला की ब्रेकही जड होतो.

जुन्या गाड्यांचा पट्टा निमुळता असतो आणि तो पुलीला दोन्ही कडांनी धरतो. कडा झिजल्या की तो खाली बसतो आणि घसरतो. घसरला की तापतो, तापला की कडक आणि गुळगुळीत होतो, मग आणखी घसरतो. त्यात आपल्याकडचं ऊन आणि धूळ. साबणानं फक्त ओरडणं थांबतं, झीज थांबत नाही. गिरणीच्या जुन्या पट्ट्याला राळ लावत असत, पण गाडीच्या पट्ट्याला राळ, साबण, तेल काहीच लावायचं नाही.

आता महिन्यातून एकदा आम्ही स्वतः पाहतो. गाडी थंड असताना इंजिन बंद करायचं आणि किल्ली काढून आपल्याजवळ ठेवायची. पदर खोचायचा, वेणी बांधायची, बांगड्या मागे सारायच्या. चालू इंजिनाजवळ हात न्यायचाच नाही. मोबाईलचा उजेड पाडून पट्टा थोडा पिळून आतली बाजू बघायची. भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चमक, तेलाचे डाग यांपैकी काही दिसलं की मेकॅनिककडे जायचं. नव्या गाड्यांच्या रेघांच्या पट्ट्याला भेगा न पडताही रेघा झिजतात, म्हणून तो मेकॅनिककडून मोजून घ्यावा. निमुळत्या पट्ट्याचा सर्वांत लांब भाग मध्यावर अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फार ताणलेला पट्टाही वाईट, त्यानं बेअरिंग जातात. तेल गळत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर नवा पट्टाही कुजेल. नवा पट्टा बदलूनही आवाज राहिला तर पुली किंवा बेअरिंग तपासून घ्या.

काही गाड्यांत झाकणाआड टायमिंग बेल्ट नावाचा वेगळा पट्टा असतो. तो आपल्याला दिसत नाही. पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला तो बदलायचाच, कारण तो तुटला तर इंजिनाच्या आतलं नुकसान होऊ शकतं.

आणि वाटेत लाल दिवा लागला, काटा चढला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. "जवळच आहे" म्हणू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

आमची गाडी सगळ्यांची होती, म्हणून तिच्याकडे बघणारं कुणीच नव्हतं. आता सभेच्या वहीत गाडीचं वेगळं पान आहे. त्यावर दर महिन्याला एकीचं नाव, पट्टा पाहिल्याची तारीख आणि सही असते. एक नवा पट्टा गाडीत कायम असतो. पहिलं नाव आम्ही गिरणीवाल्या काकूंचं लिहिलं. त्या हसून म्हणाल्या, "तवाच ऐकलं असतं तर!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांद शेकतो. जू ओढून ओढून तिथेच घट्टे पडतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाडीचा पट्टा म्हणजे गाडीची खांदच. ती कुठे झिजते ते पाहायला शिका. आणि तुमच्या गटात कुणी म्हणालं, "आवाज बरा नाही," तर तिला गाडी चालवता येते का, हे आधी विचारू नका. आधी बॉनेट उघडा.

येतो आम्ही. नमस्कार!